शेवटचा तास आधी

आखणीबाईंचा मला पहिल्यांदा राग आला तो अकरा लाल गोलांमुळे. मी टाईप केलेला कागद त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या टेबलावर परत आणून ठेवला. त्यातल्या प्रत्येक चुकीभोवती लाल पेनाने गोल काढलेला होता. वर म्हणाल्या, "हा कागद शिकणाऱ्याच्या हातात पडणार आहे. छापलंय म्हणजे बरोबरच असणार, असं त्याला वाटेल." बोलणं खरं होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. मी इंग्रजी शिकवणाऱ्या संस्थेत टायपिस्ट आहे, पण मला इंग्रजी येतं असं नाही. समोर दिसतं ते अक्षर मी बडवते. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की या बाईंना यापुढे काही म्हणजे काही विचारायला जायचं नाही. त्या ठरवण्याचं पुढे काय झालं ते सांगायला आज बसले आहे, आणि अजूनही आठवलं की डोकं तापतं.

आमची संस्था चपलांच्या दुकानावर दोन मजले घेऊन आहे. चार वर्ग, एक ऑफिस आणि काचेच्या पार्टिशनमागे साहेबांची केबिन. वर्गातल्या खुर्च्यांना उजव्या हाताला लिहायची फळी आहे, त्यामुळे डावखुरा माणूस आला की तो वर्षभर वाकडा बसतो. पांढरा फळा इतका पुसलाय की आता मागच्या बॅचचे शब्दही पुढच्या बॅचला दिसतात. अशा आठ शाखा आठ गावांत आहेत आणि सगळ्यांचे साहेब एकच, आमचे.

इथले मास्तर लोक तासाची तयारी जिन्यात करतात. पुस्तक उघडत उघडत वर येतात आणि वर्गात शिरल्यावर मुलांनाच विचारतात, "काल कुठपर्यंत आलो होतो?" आखणीबाई तासाच्या आधी तासभर येऊन बसायच्या. स्टीलची पट्टी घेऊन वहीत रेघा मारायच्या, म्हणून मास्तरांनी त्यांना हे नाव ठेवलेलं. त्यांना ते माहीत होतं. एकदा स्टाफरूममध्ये कुणीतरी मागून म्हणालं, "बाई, रेघा संपल्या की चहा घ्या." बाई वळूनही न बघता म्हणाल्या, "तुम्ही रेघा सुरू केल्यात की घेईन."

त्यांच्या पानावर तीन रकाने असायचे. पहिल्यात शिकणारी काय म्हणेल. दुसऱ्यात समोरचा काय म्हणेल. तिसरा रकाना सगळ्यात रुंद, आणि त्याच्यावर लिहिलेलं असायचं, 'कुठे अडेल'. त्या रकान्यात त्या काय काय लिहायच्या. हा शब्द जिभेवर येणार नाही, दोनदा म्हणवून घ्या. इथे हसतील, हसू द्या. इथे उत्तर यायला वेळ लागेल, मनात वीस मोजा, मध्ये तोंड घालू नका. एका तासाला नवे शब्द सातच्या वर नाहीत आणि शिकवणाऱ्याचं बोलणं दहा मिनिटांच्या वर नाही. आमच्या बाकीच्या मास्तरांना दहा मिनिटं गप्प बसवायचं तर तोंडाला पट्टी लावावी लागेल.

एवढी आखणी का, तर बाई स्वतः अशा आखणीविना एकदा आपटल्या होत्या. हे मला फार उशिरा कळलं. एकोणिसाव्या वर्षापासून त्या औषधाच्या कारखान्यात खोकी भरायच्या. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन तीन वर्षं त्यांनी इंग्रजी पाठ केलं. सगळे काळ, सगळी रूपं, धडाधड. मग त्याच कारखान्यात वरच्या जागेसाठी मुलाखत निघाली. समोरच्याने एक बाटली पुढे केली आणि इंग्रजीत विचारलं, हिचं सील तुटलेलं दिसलं तर तू काय करशील? सात वर्षं बाई दिवसाला शेकड्यांनी त्याच बाटल्या हाताळत होत्या. काय करायचं ते झोपेतही सांगितलं असतं, पण इंग्रजीत एक वाक्य निघालं नाही. त्या खाली मान घालून बाहेर आल्या. "मला तीन वर्षं सगळं शिकवलं," त्या म्हणायच्या, "तेवढं एक सोडून."

पुढे त्या शिकवायला लागल्या तेव्हा त्यांनी एकच नियम केला. आधी शेवटचा तास लिहायचा. शिकणाऱ्याला शेवटच्या दिवशी कुणापुढे उभं राहून काय बोलायचंय, ते शोधायचं आणि वहीच्या पहिल्या पानावर मांडायचं. मग दुसऱ्या पानावर त्याच्या आदल्या दिवशीचा तास, तिसऱ्यावर त्याच्याही आदला. असं मागे मागे येत येत शेवटच्या पानावर पहिला दिवस. वही भरली की ती उलटी धरायची आणि शिकवायला सुरुवात करायची. पानांवर नंबर नसायचे, कारण वही त्यांची होती आणि शिकवणाऱ्याही त्याच.

तर या बाईंच्या हातात हॉस्पिटलचं काम आलं.

हॉस्पिटलला नवे मालक आले होते. त्यांचीही आठ गावांत आठ हॉस्पिटलं. त्यांनी देशोदेशींचे डॉक्टर आणले आणि त्या डॉक्टरांचा वॉर्डात कुणाशीच इंग्रजीशिवाय संवाद होईना. मग फर्मान निघालं की वॉर्डातल्या सगळ्या मावश्यांनी, म्हणजे ज्या पेशंटला उठवतात, पुसतात, भरवतात त्या बायकांनी, बारा आठवड्यांत इंग्रजी बोलायला शिकायचं. तोंडी परीक्षा होईल. पास झाली ती राहील, नापास झाली ती घरी जाईल. दहा-दहा, वीस-वीस वर्षं घाण काढलेल्या बायकांना हे सांगताना कुणाची जीभ कशी अडखळली नाही, कोण जाणे. शिकवायचं काम आमच्या संस्थेला मिळालं.

माझी ताई त्या मावश्यांतली एक. इथली नव्हे, बसने चार तासांवरच्या गावातल्या हॉस्पिटलमधली. बायकांच्या वॉर्डात एकोणीस वर्षं झाली तिला. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि ताई वीसची. तिने मला शिकवलं, टायपिंगच्या क्लासला घातलं, माझं लग्न लावून दिलं, आणि तिच्या स्वतःच्या संसारात तिच्याशिवाय कमावणारं कुणी नाही. भावजी चार वर्षांपासून अंथरुणावर आहेत. ही नोकरी गेली तर ताईचं काय होणार हा विचार फर्मान आलं त्या दिवसापासून माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला होता. पण मनात म्हटलं, अभ्यासक्रम आमच्याच संस्थेचा आहे, आपल्या डोळ्यांसमोर तयार होणार आहे, काळजी कसली.

आखणीबाई सहा दिवस इथल्या हॉस्पिटलच्या वॉर्डात स्टूल टाकून बसल्या. कोण कुणाला काय म्हणतं ते टिपत राहिल्या. चार नंबरची सलाईन संपली. सहा नंबरच्या बाईंना सकाळपासून लघवी झाली नाही. चादरींच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे? मग आठ दिवसांत त्यांनी छत्तीस पानं लिहिली. पहिल्या पानावर शेवटचा तास होता, पाळी बदलताना डॉक्टरपुढे उभं राहून सहा खाटांची हकीकत न थांबता सांगायची. आणि छत्तिसाव्या पानावर पहिला दिवस, तुझं नाव काय, कुठल्या वॉर्डात असतेस, किती वर्षं झाली.

साहेबांनी ती वही एका दिवसासाठी मागून घेतली. रेकॉर्डला झेरॉक्स हवी म्हणाले. संध्याकाळी मला केबिनमध्ये बोलावलं.

"हे चार दिवसांत टाईप करा. तो तिसरा रकाना नको, भलतंसलतं लिहिलंय त्यात. आणि पानांना नंबर नाहीत, धडा एक, धडा दोन असे टाका."

"बाईंना दाखवायचं ना मध्ये?" मी विचारलं.

"काही गरज नाही. त्या उगाच फाटे फोडत बसतील."

साहेबांनी नको म्हटलं, हे खरं. पण सगळं खापर त्यांच्यावर फोडून मी मोकळी होणार नाही. बाई माझ्यापासून पंधरा पावलांवर बसत होत्या. पहिलं पान टाईप करतानाच मला वाटलं होतं की पहिल्या धड्याला ही एवढी लांबलचक वाक्यं कशी? आणि शेवटच्या धड्यात नाव-गाव? जाऊन एक वाक्य विचारायचं होतं. पण अकरा गोल माझ्या डोळ्यांपुढे होते. म्हटलं, असेल त्यांची काही नवी तऱ्हा, आपण कशाला पाणउतारा करून घ्यायचा. मी पहिल्या पानाला धडा एक घातला आणि छत्तिसाव्याला छत्तीस.

आठवड्याभरात पुस्तक छापून आलं. गुळगुळीत कव्हर, वर स्टेथोस्कोपचं चित्र आणि खाली 'अभ्यासक्रम व मांडणी' म्हणून साहेबांचं नाव. ज्या माणसाने कधी एका तासाची आखणी केली नाही, वर्गात शिरला तर फक्त पंखे बंद आहेत का ते बघायला, त्याचं नाव. सातही शाखांना गठ्ठे गेले. आमच्या शाखेत मात्र साहेबांनी ते कपाटात ठेवलं, कारण बाई बघतील आणि बोलतील. बाई आपल्या वहीतून शिकवत होत्या. त्यांच्या चौदा मावश्या पहिल्या दिवशी नाव सांगायला लाजत होत्या आणि तिसऱ्या आठवड्यात जिन्यात माझ्याकडून इंग्रजीत किल्ली मागत होत्या.

आणि तिकडून ताईचे फोन येऊ लागले.

"मला काही जमत नाही गं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी मास्तरांनी उभं केलं आणि सहा पेशंटचं सगळं सांगायला लावलं. मी नुसती उभी. माझ्या शेजारची तर रडायलाच लागली."

"पहिले दिवस असंच वाटतं. पाठ कर."

"पाठ तर करतेच आहे. काय म्हणतेय ते कळत नाही. मला डोकंच नाही बहुतेक."

आणि मी, जिच्या जिभेला हाड नाही ती मी, तिला काय म्हणाले ते ऐका. "ताई, आमच्याकडच्या बायका बघ, फाडफाड बोलायला लागल्या. तोच अभ्यासक्रम आहे. मीच टाईप केलाय. तूच मन लावत नसशील." ती म्हणाली, "हो, घरचं असतं ना, लक्ष लागत नाही." जिने माझ्या शाळेच्या वह्यांना कव्हरं घातली, तिला मी अभ्यासावरून बोलले.

चौथ्या आठवड्यात हॉस्पिटलचा माणूस पाहणीला येणार म्हणून साहेबांना ते पुस्तक आमच्या वर्गातही वाटावं लागलं. बाईंनी एक प्रत हातात घेतली. कव्हरवरचं नाव वाचलं. पान उघडलं. दुसरं उघडलं. मग एकदम शेवटचं उघडलं आणि सरळ माझ्या टेबलापाशी आल्या.

"हे टाईप कुणी केलं?"

"मी."

"माझी वही शेवटापासून सुरू होते. शेवटचा तास पहिल्या पानावर असतो. हे सगळं उलटं छापलंय." त्यांनी मला दोन मिनिटांत सगळं समजावलं, आवाज न चढवता. "इतर शाखांत कितवा धडा चालू आहे?"

मला ताईचा आवाज ऐकू येत होता, मला डोकंच नाही बहुतेक. माझ्या उत्तरासाठी न थांबता बाई तशाच केबिनमध्ये घुसल्या. काचेचं पार्टिशन आहे, सगळं ऐकू येतं.

"सातही शाखांना आजच्या आज कळवा," बाई म्हणाल्या. "पुस्तक मागून पुढे शिकवायचं. एवढं एकच वाक्य."

साहेबांनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. खरं सांगते, त्यांना तोपर्यंत माहीतच नव्हतं. स्वतःचं नाव असलेलं पुस्तक त्यांनी उघडलंही नव्हतं.

"हॉस्पिटलने मंजूर केलंय हे," ते म्हणाले. "आता उलटं आहे म्हणून सांगायचं? आपली अब्रू काय राहील? आणि तसं बघितलं तर अवघडाकडून सोप्याकडे, हीसुद्धा एक पद्धत होऊ शकते."

"पोहायला शिकवताना आधी मधोमध टाकायचं, तशी?"

"बाई, तुम्ही तुमचा वर्ग सांभाळा."

"तिथेही बायकाच शिकताहेत. त्यांच्या नोकऱ्या जातील."

"ज्यांना यायचं त्यांना येतंच. आणि हजेरीपत्रकात तुम्हीही छापलेले नंबर क्रमाने लिहीत चला, तपासणी आहे."

बाईंनी लिहिलं नाही. त्यांनी हजेरीपत्रकात जे शिकवलं तेच लिहिलं, छत्तीस, पस्तीस, चौतीस असं. साहेबांनी त्यावर त्यांना लेखी समज दिली. तीही मीच टाईप केली.

दुसऱ्या दिवशी साहेब बाहेर होते तेव्हा मी ऑफिसच्या फोनवरून सातही शाखांना फोन लावले. दोघांनी ऐकून घेतलं आणि आभार मानले. चौघे म्हणाले, साहेबांशी बोलून बघतो. ताईच्या शाखेचा मास्तर सगळ्यात हुशार निघाला.

"मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"मॅडम, तपासणीला हजेरीपत्रक बघतात. धडा एक, धडा दोन. मी मनाने उलटं शिकवलं आणि निकाल बिघडला तर माझ्या गळ्यात. तुम्ही लेखी द्या, मी आज सुरू करतो."

लेखी मी कुठून देणार? चार आठवडे हा माणूस मूग गिळून बसला होता. रोज वीस बायकांना उभं करून त्यांची बोबडी वळताना बघत होता, कारण त्याच्या रकान्यात नंबर बरोबर पडत होते. साहेब निदान अडाणी तरी होते. याला तर सगळं कळत होतं.

ताईला मी सांगितलं की पुस्तक मागून वाच. ती म्हणाली, "अगं, मला ती अक्षरं कुठे वाचता येतात? मास्तर म्हणतात तेच मी ऐकते." आणि ताई त्या वर्गात आहे, हे मी बाईंना सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार होते?

परीक्षा दोन आठवडे अलीकडे आली. मोठे मालक त्या सुमाराला येणार होते, त्यांना निकाल दाखवायचा होता. आमच्या चौदापैकी तेरा पास झाल्या. बाकी सात गावांत मिळून एकशे तीन बायका बसल्या, त्यातल्या एकोणीस पास झाल्या.

ताईने मला फोनवर सगळं सांगितलं. सहा खाटांची हकीकत तिने दहा आठवडे घोकून पाठ केली होती, झोपेतसुद्धा म्हणायची. परीक्षेला गेली. समोर एक भली बाई होती, हसून तिने आधी सोपं सोपं विचारलं. तुमचं नाव काय? कुठल्या वॉर्डात असता? इथे किती वर्षं झाली? ते धडे पुस्तकाच्या शेवटी होते आणि तिथपर्यंत वर्ग पोहोचलाच नव्हता. ताईला कळेना काय विचारताहेत. तिने आपली सहा खाटांची हकीकत सुरू केली. परीक्षा घेणारीने हात वर करून थांबवलं, पुन्हा नाव विचारलं. ताईने पुन्हा पहिल्या खाटेपासून सुरू केलं. "माझं नाव विचारत होत्या म्हणे," ताई म्हणाली. "बाहेर आल्यावर कळलं. एकोणीस वर्षं झाली मला, तेवढंही सांगता आलं नाही." महिनाअखेरीला घरी बसायचा कागद तिच्या हातात पडला होता.

फोन ठेवला आणि मी आखणीबाईंकडे गेले. सगळं सांगितलं. ताई माझी बहीण आहे, आणि टाईप करताना मला शंका आली होती आणि मी रागापायी विचारायला आले नाही, हेही. बाईंनी मला धरून बडवायला हवं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "एकूण किती जणी नापास?"

"तिकडच्या चौऱ्याऐंशी, आणि आपली एक."

त्याच आठवड्यात हॉस्पिटलचा माणूस साहेबांपुढे येऊन बसला. एका गावात तेरा पास आणि बाकीकडे असा धुव्वा, हे कसं? साहेबांनी आधी बायकांवर ढकलून पाहिलं, कमी शिकलेल्या आहेत वगैरे. तो माणूस काही दूधखुळा नव्हता. तो म्हणाला, अभ्यासक्रमात दोष होता असं संस्थेने लेखी मान्य केलं तर आम्ही सहा आठवड्यांनी फेरपरीक्षा घेऊ, तोवर कुणाला काढणार नाही. पण दोष कुणाचा ते नावानिशी हवं, आणि तो माणूस यापुढे तुमच्याकडे नको.

साहेबांनी मला बोलावलं आणि मजकूर सांगितला. अभ्यासक्रमाची मांडणी अमुक शिक्षिकेने केली, त्यांच्या निष्काळजीपणामुळे धड्यांचा क्रम उलटा झाला, त्यांना सेवेतून कमी करण्यात येत आहे. पुस्तक विकायचं होतं तेव्हा मांडणी साहेबांची होती. आता त्यात घाण निघाली तर ती बाईंची झाली.

मी म्हटलं, "साहेब, क्रम मी उलटा घातला. माझं नाव टाका."

"टायपिस्टच्या नावाला कोण विचारतो?" ते म्हणाले. "त्यांना जबाबदार माणूस हवाय."

"मग तुमचं टाका."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू टेबल बोलायला लागलंय. "तुमच्या बहिणीची परीक्षा परत व्हायला हवी आहे ना? मग टाईप करा."

मी टाईप केलं. हे मी लपवणार नाही. सगळं पत्र टाईप केलं, एकही चूक न करता.

बाईंना केबिनमध्ये बोलावलं गेलं. त्यांनी उभ्यानेच पत्र वाचलं, दोनदा. मला वाटलं, आता फाडतील. मनात म्हणत होते, फाडा. आणि त्याच वेळी पोटातून दुसरं कुणीतरी म्हणत होतं, फाडू नका, ताईचं कसं होईल. स्वतःची इतकी शिसारी मला कधी आली नव्हती.

"फेरपरीक्षेची तारीख यात नाही," बाई म्हणाल्या.

"ती ठरेल."

"तारीख घातल्याशिवाय सही नाही. आणि धड्यांचा खरा क्रम याला जोडायचा, छत्तीसच्या छत्तीस, तिसऱ्या रकान्यासकट. तो आजच सातही शाखांना लेखी जाईल. पोचल्याची सही आल्यावर मी इथे सही करीन."

"यावर तुमचं नाव राहील, बाई," साहेब म्हणाले. आवाजात काळजी होती, ती कशाची ते देव जाणे. "दुसरीकडे कुठे नोकरी मिळायला अडचण येईल."

"मला वाचता येतं," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी बसून सगळा क्रम पुन्हा टाईप केला. या वेळी प्रत्येक पान झाल्यावर पंधरा पावलं चालत गेले आणि बाईंना विचारलं. सातही पोचपावत्या आल्या. बाईंनी सही केली. सव्वीस वर्षं त्यांनी शिकवलं, साहेबांच्या नावाच्या पुस्तकाला आतून आकार दिला. संस्थेच्या कागदावर त्यांचं पूर्ण नाव पहिल्यांदा आलं ते गुन्हेगार म्हणून. जाताना स्टाफरूममधला एकही मास्तर उठला नाही. मी खालपर्यंत पोचवायला गेले. त्या म्हणाल्या, "बहिणीला सांग, घोकू नकोस. पहिले चार दिवस नुसतं नाव आणि वॉर्ड. बाकीचं आपोआप येतं."

ताईच्या शाखेतला तो मास्तर लेखी हातात पडल्याबरोबर छत्तीसपासून सुरू झाला. हजेरीपत्रकात नवा रकाना आखून घेतला म्हणे, फार मन लावून. सहा आठवड्यांनी फेरपरीक्षा झाली. पंच्याऐंशीपैकी एकोणऐंशी बायका पास झाल्या. साहेबांनी निकालाचा मोठा फोटो काढून जिन्यात लावलाय. त्यात स्वतः मधोमध उभे आहेत.

ताईचा फोन दुपारी आला. आनंदाने तिला धड बोलता येत नव्हतं. नाव विचारलं, वॉर्ड विचारला, किती वर्षं झाली विचारलं, आणि एकोणीस म्हटल्यावर परीक्षा घेणारी बाई खुर्चीतून उठून तिच्याशी हात मिळवायला आली. मग म्हणाली, सहा खाटांचं सांगा, आणि ताईने सांगितलं, कळून सांगितलं.

"आणि ती कोण बाई होती ना तुमच्याकडची," ताई पुढे म्हणाली, "जिने धडे उलटे लावले. बरं झालं तिला हाकललं. आमच्या पोटावर पाय द्यायला निघाली होती मेली. इतक्या बायकांचे तळतळाट घेऊन कुठे जाईल ती?"

मी म्हटलं, "ताई, धडे मी उलटे लावले."

"काय?"

मी सांगितलं. टाईप कुणी केलं, विचारायला का गेले नाही, पुस्तकावर नाव कुणाचं होतं, पत्र कुणी टाईप केलं.

"मग सही तिने का केली?" शेवटी तिने विचारलं.

"तुमची परीक्षा परत व्हावी म्हणून."



"ते पत्र आमच्या वॉर्डाच्या दारावर लावलंय," ती म्हणाली. "ड्यूटीवर येताना आम्ही सगळ्या रोज त्या नावाला शिव्या घालतो. मीसुद्धा."